तुमचं माणूस वाट बघतंय

"नाव काय म्हणालात?"

"आक्काताई."

"ती झाली हाक. मी नाव इचारतोय... पाळण्यात घालून ठेवत्यात ते."

अंजनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकोणीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिच्या कुशीत झोपली, जिच्याकडून वेणी घालून घेताना रोज सकाळी ओरडली, त्या आत्याचं नाव तिला माहीत नव्हतं. माधवनगरच्या त्यांच्या चाळीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ही! आणि घरातल्या बाईचं नाव विचारलं तर गप्प.

माईकपुढचा तरुण कानावरची पेन्सिल काढून हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. हसला मात्र नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तिला रागावता तरी आलं असतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "आक्काताई तर आक्काताई. बघू किती येत्यात."

ते चौसष्ट साल होतं, पौष महिना. कृष्णेचं पाणी उतरलं की सांगलीत पुलाच्या खालच्या अंगाला, वाळवंटात, तीन आठवडे संध्याकाळचा बाजार भरायचा. दिवस मावळला की गॅसबत्त्या लागायच्या, आकाशपाळणा फिरायला लागायचा, तंबूतल्या सिनेमाची घंटा वाजायची आणि भडंगाचा खमंग वास थेट घाटाच्या पायऱ्यांपर्यंत यायचा. बायका बांगड्यांच्या दुकानापुढं, बाप्ये मरणाच्या विहिरीपुढं, आणि नवी लग्नं झालेली जोडपी कुठंच नाही, नुसती चालत. अंजनाच्या वडिलांनी, राजारामनं, छप्पन साली बुद्धाला शरण गेल्यापासून जत्रा सोडल्या होत्या. पण या बाजाराला देव नव्हता, नुसती नदी होती. नदीला जायला कशाची हरकत? तेव्हा राजाराम दर वर्षी बायकोला, थोरल्या विधवा बहिणीला आणि लेकीला घेऊन माधवनगराहून चालत यायचा.

त्या संध्याकाळी आक्काताई आरसेमहालात गेली. एका आरशात आपण बुटकी, दुसऱ्यात लांबट, तिसऱ्यात अकरा, असं बघून ती इतकी हसली की डोळे पुसत पुसत भलत्याच दारानं बाहेर पडली, आणि हरवली.

आता कर्णे बोलू लागले. बाजारभर खांबांवर आठ कर्णे होते, साताऱ्याच्या कुतुबुद्दीनचाचांच्या मालकीचे, आणि आठही एकाच आवाजात म्हणाले:

"माधवनगरच्या आक्काताई... आक्काताई जिथं असतील तिथून त्यांनी माईकपाशी यावं. तुमचं माणूस तुमची वाट बघतंय."

प्रत्येक हाकेच्या शेवटी तो हेच म्हणायचा. अंजनानं ते वाक्य वाळूतून चालताना आधी दोन-तीनदा ऐकलं होतं. आता मात्र आपण कुणाचं तरी माणूस आहोत आणि वाट बघतोय, हे असं सगळ्या सांगलीला सांगितलं गेलं होतं.

पाच मिनिटांत चार आक्काताया आल्या. एक मिरजेची, दोन कवठ्याच्या, एक तर तासगावहून आलेली आणि कुणीच हरवलेली नव्हती. पण हाक आली म्हटल्यावर न येऊन कसं चालेल? "कोन वाट बघतंय वं माझी?" असं प्रत्येकीनं विचारलं, आणि आपली वाट कुणी बघत नाही म्हटल्यावर जराशी हिरमुसून परत गेली. अंजनाला रडू येत होतं आणि हसूही. तो तरुण मात्र प्रत्येकीला "माफ करा मावशी," म्हणत होता अगदी मनापासून.

तेवढ्यात राजाराम आणि अंजनाची आई चंद्राबाई धापा टाकत आले.

"आबा, आक्काचं नाव काय?"

राजाराम कापडाच्या मागावर काम करून करून कानानं जरा कमी झाला होता, आणि त्यामुळं बोलायचा ते ओरडूनच. "आक्का! दुसरं काय?"

"खरं नाव, आबा."

राजारामनं बायकोकडं बघितलं. मग चंद्राबाईला आठवलं, "सासरी सरस्वती ठेवलं होतं न्हवं वन्संचं?" कर्ण्यांवरून सरस्वतीबाईंना हाक गेली. एकदा, दोनदा. सरस्वती म्हणून कुणीही आलं नाही. आक्काताई सासरी त्या नावानं जेमतेम चार वर्षं नांदली होती. नवरा वारला, ती भावाकडं परत आली आणि सरस्वती तिकडंच राहिली.

नदीकडून गार वारा सुटला होता. अंजना पुढं वाकली आणि वडिलांच्या कानाशी म्हणाली, "आबा, तुमची आई तिला काय म्हणायची?"

राजाराम कितीतरी वेळ कर्ण्याच्या खांबाकडं बघत राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, पण त्याचा चेहरा एकदम लहान पोराचा झाला. "बनू," तो म्हणाला. "आई तिला बनू म्हणायची."

"बनूबाई म्हणू?" माईकवाल्यानं विचारलं.

"बाई नगो. आई नुसतं बनू म्हणायची."

तरुणानं घसा साफ केला. आपल्या आईच्या वयाच्या बाईला सगळ्या बाजारासमोर एकेरी हाक मारायची म्हणजे... पण त्यानं मारली, आणि ती हाक त्याच्या नेहमीच्या आवाजातली नव्हती.

"बनू... माधवनगरची बनू... जिथं असशील तिथून ये. तुझं माणूस तुझी वाट बघतंय गं."

आणि पाळण्याच्या मागच्या बाजूनं, नदीच्या काठानं, पदर डोक्यावरून घसरलेली आक्काताई पळत आली. पंचावन्न वर्षांची बाई, वाळूत अनवाणी, चपला हातात. समोर भाऊ बघून ती थांबली. त्याच्या पलीकडं, आजूबाजूला बघू लागली. कुणाला शोधत होती ते राजारामला कळलं. त्यानं तिचा हात धरला.

"म्या मारली हाक, आक्का."

"व्हय रं..." ती खाली वाळूत बसली. "चाळीस वरसं झाली. मला वाटलं, आईच आली."

मग ती रडली आणि तिच्याबरोबर चंद्राबाई रडली. राजाराम दुसरीकडं बघत राहिला. जाताना त्यानं सवयीनं हात जोडले, "जय भीम हं, पावणं." तरुणाचा चेहरा उजळला. "जय भीम," तो म्हणाला. चंद्राबाईनं डोळे पुसता पुसता त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. बायकांना रडतानाही अशी कामं जमतात.

"तुमचं नाव?" चार पावलं गेल्यावर अंजनानं मागं वळून विचारलं.

"धोंडिराम," तो म्हणाला. "आणि तुमचं? म्हंजे... पुन्हा कुणी हरवलं तर, म्हणून."

"अंजना."

त्यानं ते कागदावर लिहिलं. हरवलेल्यांच्या यादीत नाही, वेगळ्या कागदावर. तिनं ते बघितलं.

घरी परतताना आक्काताई सगळ्यांच्या पुढं चालत होती. अंजना मागं राहिली, विचार करत. इस्लामपूरचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं. मुलगा, बाळासो, साखर कारखान्यात कारकून. घरचं बरं, माणसं आपल्यातलीच. बाजाराच्या शेवटच्या आयतवारी ती मंडळी सांगलीला येणार होती. बाजारही बघता येईल, मुलगीही. पसंत पडली की सुपारी. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे अंजनाला माहीत होतं, सगळ्यांचंच बदलतं. चंद्राबाई माहेरची शेवंता होती आणि त्याचं तिला काही वाटत नसे. अंजनालाही आजवर वाटलं नव्हतं. आज मात्र चाळीस वर्षं बंद पडलेली एक हाक कर्ण्यातून बाहेर आलेली तिनं ऐकली होती, आणि ती ऐकून एक बाई अनवाणी पळत आली होती.

*

दोन दिवसांनी आक्काताई सकाळीच म्हणाली, "आज बाजाराला जाऊया की रं राजा."

"परवाच तर गेलो होतो."

"परवा मी हरवले होते. बघितलं कुठं?"

गेले. आणि आरसेमहालापाशी पोचल्या पोचल्या आक्काताईनं भाचीचं बखोट धरलं. "मी तिथं मागं शेंगा खात बसते. तू जा, नाव सांग माझं."

"आत्या! अगं तू हरवलीयस कुठं?"

"तर! हरवते की आता. जा, लवकर जा. आणि घाईनं बोलू नको त्याच्याशी."

अंजना जागेवरच उभी राहिली, आणि मग पायांनीच ठरवल्यासारखी चालू लागली.

धोंडिराम गाण्याची तबकडी बदलत होता. तिला बघताच त्याच्या हातून सुई तबकडीवर खरडली आणि सगळ्या बाजारात कर्रर्र झालं.

"कोण हरवलं?"

"आत्या."

"परत?"

"तिला वाटेत जरा सोडली की हरवते ती."

"आणि तुमी? तुमी न्हाई हरवत कवा?"

"मी मॅट्रिक आहे."

"मॅट्रिकवाले हरवत न्हाईत व्हय?"

"हरवले तरी सापडायचं कसं ते त्यांना ठाऊक असतं."

"मग माझं काय काम उरलं?" तो म्हणाला. त्यानं माईक हातात घेतला, पण बटण लगेच दाबलं नाही. बनूला हाक द्यायला त्यानं त्या दिवशी वीस मिनिटं लावली. बनू तेवढ्यात शेंगांचे दोन पुडे संपवून बसली होती.

त्यानंतर आक्काताई चार वेळा हरवली. बाजारातल्या भडंगवाल्याला, पाळणेवाल्याला, सिनेमाच्या दारवानालाही बनू कोण ते कळलं. हाक झाली की ते हातानं दाखवायचे, "ती बघा, तिकडं बसलीया." राजारामला काहीच कळत नव्हतं, किंवा कळत असेल तर मागाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. चंद्राबाईला सगळं कळत होतं. ती नुसती म्हणायची, "आयतवारी पावणं येणार हायती, अंजा. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. त्याचाच तर त्रास होता.

एका संध्याकाळी धोंडिरामनं स्वतःच विषय काढला. कुतुबुद्दीनचाचा नमाजाला गेले होते, तबकडी लावलेली होती, आणि बाकावर दोघांच्या मध्ये वायरचं एक भेंडोळं.

"हसला न्हाई तुमी माझ्या नावाला. समदी हसत्यात. धोंड्या!"

"मला आत्याचं नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्ही कुठं हसलात?"

तो पकडीनं वायर सोलत राहिला. "माझ्या आधीची दोन गेली. मग आईनं म्हणं ठरवलं, ह्याला धोंडा म्हणायचं. दगडासारखं टिकंल... टिकलो बघा." तो हसला. "छप्पन साली आमच्या आळीत समद्या पोरांची नावं नवी ठेवली. कुणी आनंद, कुणी राहुल. मी चौदा वर्षांचा व्हतो. मलाबी आनंद ठेवायचं ठरलं."

"मग?"

"आई त्याच्या आदल्या वर्षी गेली व्हती. घर नव्हतं, शेत नव्हतं. तिनं दिलेलं माझ्यापाशी एवढंच राहिलेलं. ते टाकून द्यावं असं... न्हाई वाटलं. धर्म बदलला मनापासनं. नाव ऱ्हाऊ दिलं."

अंजनाला त्याच्याकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघवेना. मग तिनं वाळूकडं बघत सांगून टाकलं. "माझं बदलणार आहे. रविवारी माणसं येणार आहेत इस्लामपूरची."

धोंडिरामच्या हातातली पकड थांबली. "बदलून... काय ठेवणार?"

"मला कुठं ठाऊक? त्यांचं ते ठरवतील."

पाळणा वर गेला, खाली आला, वरच्या पोरी किंचाळल्या.

"म्हंजे पुढच्या वर्षी," तो हळूच म्हणाला, "ह्या बाजारात तुमी हरवला... तर मी हाक कुणाला मारायची?"

मॅट्रिक होऊन उपयोग काय, असं अंजनाला त्या वेळी वाटलं. तिनं भेंडोळ्यातून लोंबणारं वायरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. त्यानं ते बघितलं आणि वायर ओढून घेतली नाही. तेवढ्यात चाचा आले, खाकरले आणि म्हणाले, "धोंड्या, तबकडी संपून चार मिनटं झाली, बेटा. लोकं नुसती खरखर ऐकतायत."

*

आयतवार उजाडला तो अंजनाला नकोनकोसा वाटतच. संध्याकाळी वाळवंटात सतरंजी अंथरली गेली. हरणाबाई, म्हणजे मुलाची आई, पुढं बसली. भारदस्त, कपाळावर ठसठशीत गोंदण, बोलणं रोखठोक पण खुलं. बाळासो बाजूला, इस्त्रीच्या कपड्यांत, नवं घड्याळ सारखं सारखं बघत. वाईट नव्हता तो, अजिबात नव्हता. त्यानं अंजनाला बसायला बत्तीच्या उजेडाची चांगली बाजू दिली, भडंगाचा पुडा आधी तिच्यापुढं केला. अशा माणसाला नाही म्हणायला कारण सापडत नाही आणि तेच अवघड असतं.

कर्ण्यांवर नेहमीचा आवाज चालू होता. आज बाजाराचा शेवट, उद्या सकाळी चाचांचा ट्रक साताऱ्याला. अंजनाचे कान तिकडं होते.

"पोरगी पसंत हाय आमास्नी," हरणाबाई म्हणाली. "शिकल्याली हाय, त्यो बी शिकल्याला. फकस्त एक हाय. माझ्या चुलतसासूबाईंचं नाव अंजनाबाई. थोरल्यांच्या नावानं सुनंला हाक कशी मारायची? तवा मी सुनंदा ठेवायचं ठरवलंय. बाळासो, जा, सुनंदाला पाळण्यात बसवून आण. ऊठ गं सुनंदा."

कर्ण्यावर कुणा लालासाहेबांचं माणूस त्यांची वाट बघत होतं. अंजना ऐकत होती.

"सुनंदा! आगं ऊठ की."

काही नाही.

"सुनंदा!"

चंद्राबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं. "अगं, तुला बोलावत्यात!"

"मला?" अंजना दचकली. आणि मग काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. तीन वेळा हाक आली आणि तिच्या अंगातलं कुणीही त्या हाकेला उठलं नाही.

"लाजली पोरगी," हरणाबाई हसली. "व्हईल सवय."

"नाही हो, लाजले नाही," अंजना म्हणाली. "मावशी, रागावू नका. पण मला नाही होणार सवय. माझ्या सर्टिफिकेटावर अंजना आहे. शाळेत हजेरीला अकरा वर्षं मी याच नावाला 'हजर' म्हणाले. मी... मी घरातलं सगळं करीन. पण मला अंजना म्हणून न्या." मग तिनं बाळासोकडं बघितलं. "तुम्ही काय म्हणाल मला?"

बाळासोनं घड्याळाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "आई म्हणंल ते," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"रीत हाय ती, बाय," हरणाबाईचं हसू गेलं होतं. "असं मागत न्हाई कुणी पोरगी. राजाराम, तुमी बोला."

राजाराम सतरंजीचा धागा बोटांनी चाचपत होता. आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस त्या दिवशी हळू बोलला, आणि सगळ्यांना ऐकू आलं.

"ताई, छप्पन साली आपण समद्यांनी धर्म बदलला. तुमीबी, आमीबी. तो आपल्याला कुणी बदलायला लावला व्हता का? आपल्या मनानं बदलला. म्हणून तर तो आपला झाला. माझी पोरगी तिच्या मनानं नाव बदलत असंल तर बदलू द्या. न्हाई म्हणत असंल, तर मी तिला कसं सांगू?"

हरणाबाईचा चेहरा लाल झाला. "आमचीबी बदलली नावं," ती म्हणाली. "आमी काय मेलो का?"

आक्काताईनं विचारलं, "तुमचं म्हायेरचं काय व्हतं वं?"

"असंल काय तरी. आता ते आठवून काय करायचं?" हरणाबाई उठली, लुगड्याची वाळू झटकली. दोन पावलं गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "रत्ना व्हतं."

बाळासोनं सगळ्यांना नमस्कार केला, अंजनालाही. मायलेक निघाले. वाळूतून ती भारदस्त बाई हळूहळू चालली होती. आक्काताईनं मागून हाक दिली, अगदी घरातल्या पोरीला द्यावी तशी:

"रत्ना... सावकाश जा गं. पुढं वाळू खोल हाय."

हरणाबाई थांबली. वळली. आक्काताईकडं बघत उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि लेकाचा हात धरून निघून गेली. ते स्थळ तिथंच मोडलं आणि तरी कुणाला कुणाचा राग आला नाही. चंद्राबाई मात्र कपाळाला हात लावून बसली. "आता गं बया? आता कुठलं बघायचं?"

अंजना उठून उभी राहिली होती. कर्ण्यावरचा आवाज केव्हाचाच बंद झाला होता.

ती चालू लागली आणि मग पळू लागली. माईकपाशी कुतुबुद्दीनचाचा एकटेच तबकड्या पेटीत भरत होते.

"ते... कुठं आहेत?"

"धोंड्या? कर्णे उतरवतोय. सात उतरले, पुलाकडचा एकच राहिलाय. त्या खांबावर असंल." चाचांनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. "आज कोण हरवलं, बेटी?"

अंजना पुढं झाली. समोर माईक होता. तिच्या मनात आलं, की मुली असं करत नाहीत. ज्याच्याशी मन जडलं त्याचं नाव बायका तोंडानं घेत नाहीत; घ्यायचंच झालं तर चार ओळींचा उखाणा रचून, त्यात लपवून घेतात. तिच्या आईनं वीस वर्षांत राजारामचं नाव असं उघड घेतलं नव्हतं.

"चाचा, मी बोलू?"

चाचांनी माईक तिच्याकडं सरकवला. "बटन दाबा. फार जवळून नका बोलू."

पुलाकडच्या खांबावर धोंडिराम शेवटच्या कर्ण्याला मिठी मारून बसला होता. इस्लामपूरची मंडळी आलेली त्यानं माईकपाशी बसूनच बघितली होती. सतरंजी, भडंग, घड्याळवाला मुलगा, सगळं. त्यानंतर त्यानं तिकडं बघायचं टाळलं होतं. वायर तोडायला त्यानं पकड उचलली, आणि कर्णा त्याच्या कानाशीच बोलला.

"साताऱ्याचे..."

थांबला. नुसता श्वास ऐकू आला.

"साताऱ्याचे धोंडिराम... धोंडिराम जिथं असतील तिथून त्यांनी माईकपाशी यावं." पुन्हा श्वास. "तुमचं माणूस... तुमची वाट बघतंय."

तो खांबावरून उतरला की पडला ते कुणी नीट सांगू शकलं नाही. वाळूतून पळत आला तेव्हा हातात पकड तशीच होती, आणि समोर ती उभी होती, माईक दोन्ही हातांनी धरून.

"कोण... कोण हरवलंय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"तुम्ही."

"मी तर खांबावर व्हतो."

"मग मीच असेन."

"इस्लामपूर?"

"गेले." आणि तिला एकदम हसू आलं, रडूही आलं. "अंजनाच राहिले मी."

धोंडिरामनं पकड खाली ठेवली. बोलायला लागला, थांबला, परत लागला. "मला... त्या पहिल्या दिवसापासनं... तुमी आबांच्या कानाशी वाकून इचारलं न्हवं, तुमची आई काय म्हणायची... तवापासनं. बोललो न्हाई. बोलायचा हक नव्हता."

"आता आहे," ती म्हणाली.

तोवर घरची मंडळी येऊन पोचली होती. चंद्राबाईनं तोंडावर पदर घेतला होता. "आगं बया बया! सगळ्या सांगलीसमोर नाव घेतलंस! नवऱ्याचं नाव असं घेत्यात व्हय?"

"नवरा झालाय कुठं अजून?" आक्काताई म्हणाली. "तवर घेऊन घेऊ दे की."

राजाराम धोंडिरामपुढं उभा राहिला. बराच वेळ त्याला निरखून बघितलं. मग नेहमीच्या, मागावरच्या आवाजात ओरडला, "पुढच्या आयतवारी चाचास्नी घेऊन माधवनगरला या. रीतीनं या. जय भीम!"

"जय भीम," धोंडिराम म्हणाला, इतक्या हळू की ते राजारामला काही ऐकू गेलं नाही.

मंडळी परत निघाली. पुढं राजाराम, मागं कुरकुरणारी पण पाऊल हलकं झालेली चंद्राबाई, मग आक्काताई, आणि शेवटी अंजना. तंबूतला सिनेमा सुटला होता आणि माणसांचा लोंढा घाटाकडं चालला होता; कुणी पोरांना हाका मारत होतं, कुणी भावाला, कुणी बैलाला. पाळणेवाला पाळणा उतरवत होता. चाचांनी बॅटरीची वायर काढून टाकली होती, कर्णे पेटीत गेले होते.

धोंडिराम माईकशिवाय, साध्या आवाजात म्हणाला, "अंजना..."

त्या गलक्यात ते आणखी कुणालाच ऐकू गेलं नाही. ती मात्र लगेच वळली.